एकच ड्युअल-बँड की तीन वेगळे फिल्टर? तेजोमेघ टिपणाऱ्याने काय घ्यावं

नॅरोबँडकडे, म्हणजे तेजोमेघाच्या प्रकाशातल्या ठरावीक रेषांपुरताच अरुंद पट्टा आत सोडणाऱ्या फिल्टरने फोटो काढण्याकडे, वळणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो कंपनीचा. ऑप्टोलाँग घेऊ की अँट्लिया, स्वस्तातला संच चालेल का, वगैरे. माझ्या मते तो प्रश्न नंतरचा. आधी हे ठरवावं की कलर कॅमेऱ्यापुढे दोन रेषा एकदम आत सोडणारा एकच ड्युअल-बँड फिल्टर बसवायचा, की मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आणि फिल्टर व्हील (फिल्टर बदलणारं चाक) घेऊन एच-अल्फा (हायड्रोजन), ओ-थ्री (ऑक्सिजन), एस-टू (गंधक) या रेषा स्वतंत्रपणे टिपायच्या. मी पुण्यात राहतो, बरंचसं काम इमारतीच्या गच्चीवरून करतो आणि दोन्ही प्रकार पुरेसे वापरले आहेत. पुढचं सगळं या जागेवरून आणि या हवेत पाहिलेलं आहे. लडाखमध्ये राहणाऱ्याचा निर्णय वेगळा पडू शकतो.

जुने लाइट-पोल्यूशन फिल्टर या तुलनेत घेतलेलेच नाहीत. सोडियमच्या दिव्यांचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असायचा, तेवढाच कापला की काम व्हायचं. २०१५ पासून देशभर रस्त्यांवर पांढरे एलईडी आले आणि त्यांचा प्रकाश सगळ्या वर्णपटात पसरलेला असतो. शहरातून तेजोमेघ टिपायचे असतील तर आता अरुंद पट्ट्याला पर्याय नाही.

मोनोच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे, ते आधी बोलून घेतो. कलर सेन्सरवर एच-अल्फाचा ६५६.३ नॅनोमीटरचा प्रकाश जवळजवळ फक्त लाल पिक्सेलना मिळतो, म्हणजे चारांतल्या एकाला. मोनोत तो प्रत्येक पिक्सेलवर पडतो. रोझेट तेजोमेघाच्या पोटातल्या काळ्या धुळीच्या गाठी, मृगातल्या हॉर्सहेडच्या मागे लोंबणारे तंतू ज्या बारकाईने मोनोत उतरतात, तशा बारकाईने माझ्या कलर कॅमेऱ्यात आजवर उतरलेले नाहीत. शिवाय एस-टू. १९९५ साली हबलने ईगल तेजोमेघातले ते खांब टिपले, एस-टूला लाल, एच-अल्फाला हिरवा आणि ओ-थ्रीला निळा रंग दिला, आणि तेव्हापासून त्या सोनेरी-निळ्या रंगांचं वेड अनेकांच्या डोक्यातून गेलेलं नाही. ते रंग मनापासून हवे असतील तर तीन फिल्टरचा रस्ता सरळ आहे.

आणि ज्याला खरोखर अंधूक गोष्टींच्या मागे लागायचंय, त्याच्यासाठी एक उदाहरण पुरे. देवयानी दीर्घिकेच्या शेजारी ओ-थ्रीची एक भली मोठी कमान आहे, हे २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं. शोधणारे ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सेंटी हे हौशी निरीक्षक होते. आकाशातल्या सगळ्यात जास्त फोटो काढल्या गेलेल्या जागांपैकी ही एक, तरी कुणाला दिसली नव्हती, कारण तिथे इतका वेळ ओ-थ्री लावून बसायचं कुणाला सुचलं नव्हतं.

तरीही माझा मोनो कॅमेरा वर्षातला बराच काळ पेटीत असतो. त्याचं कारण पंचांगात आहे.

हंस तारकासमूहातले तेजोमेघ घ्या: नॉर्थ अमेरिका, पेलिकन, क्रेसेंट आणि माझा सगळ्यात आवडता व्हेल (इंग्रजीत Veil, म्हणजे बुरखा; देवमासा नव्हे). व्हेल मध्यरात्री डोक्यावर येतो ऑगस्टच्या सुरुवातीला. त्या वेळी आपल्याकडे डोक्यावर काय असतं ते सांगायला नको. परदेशी लोक ज्याला तेजोमेघांचा मोसम म्हणतात, तो आपल्याकडे छत्रीखाली जातो. एप्रिल-मेमध्ये पहाटेचे दोन-अडीच तास मिळतात, पण तेव्हा हवेत धूळ असते आणि वळवाचे ढग कधी चढतील याचा नेम नसतो. म्हणजे खरी संधी पाऊस गेल्यानंतरची. ऑक्टोबरच्या मध्यात रात्री आठच्या सुमारास व्हेल जवळजवळ डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीपर्यंत पश्चिमेला कामाच्या उंचीखाली उतरतो. एका रात्रीत हाताशी जेमतेम चार तास.

आता यात चंद्र घाला. एच-अल्फाला चांदणं फारसं बाधत नाही, ओ-थ्रीला चांगलंच बाधतं. म्हणून मोनोवाल्यांचा शिरस्ता असा की पौर्णिमेच्या आसपास एच-अल्फा करायचा आणि अमावस्येसाठी ओ-थ्री राखून ठेवायचा. शिरस्ता उत्तम आहे. पण सर्वपित्री अमावस्येला पाऊस अजून पुरता गेलेला नसतो. मग कोजागरी येते. गच्चीवर एका कोपऱ्यात सोसायटीचं आटीव दूध चाललंय आणि दुसऱ्या कोपऱ्यात माझी दुर्बीण भर चांदण्यात एच-अल्फाचे पाच-पाच मिनिटांचे सब (पुढे एकावर एक रचायचे सुटे फोटो) गोळा करतेय, हे दृश्य छान असतं आणि डेटाही छान येतो. त्यानंतर पंधरा दिवसांनी येणारी अमावस्या म्हणजे लक्ष्मीपूजन. वर्षातली ओ-थ्रीसाठी सगळ्यात सोयीची रात्र, आणि शहरावर फटाक्यांच्या धुराची गोधडी. तो धूर खाली बसायला पुढे कितीतरी रात्री लागतात. कार्तिकातल्या अमावस्येला हंस अंधार पडतानाच पश्चिमेला कललेला असतो, दोन-अडीच तासांत गेला.

म्हणजे काय होतं? हार्ड डिस्कवर एच-अल्फाचा ढीग साचतो आणि ओ-थ्रीचा पत्ता नसतो. पंगतीत भात आला आणि वरण आलंच नाही, अशातली गत. कृष्णधवल एच-अल्फा टाकून वेळ मारून नेता येते, पण व्हेलसारखा तेजोमेघ, ज्याचा अर्धा जीव निळ्या-हिरव्या तंतूंत आहे, तो तसा पाहवत नाही. पुढच्या वर्षी उरलेलं पूर्ण करू म्हणावं तर मधल्या काळात कॅमेरा थोडा फिरवलेला असतो, फोकस वेगळा, फ्लॅट (धुळीचे डाग आणि कडेचा अंधार काढायला घेतलेले फोटो) नवे. जुळवता येतं, नाही असं नाही. पण वर्षानुवर्षं अर्धवट फोल्डर उघडून बसायला एक वेगळा स्वभाव लागतो.

ड्युअल-बँडमध्ये हा त्रास मुळातच नाही. प्रत्येक सबमध्ये दोन्ही रेषा एकदम येतात. ढग तासाभराने आले तर तासाभराचं पूर्ण चित्र हातात असतं.

इथे कुणी म्हणेल, पण गुणवत्ता? कागदावर हिशेब करून पाहू. समजा चार तास मिळाले. मोनोवाल्याने दोन एच-अल्फाला दिले, दोन ओ-थ्रीला. कलरवाल्याचे चारही तास दोन्हींना मिळाले, पण एच-अल्फा चौथाई पिक्सेलवर, म्हणजे साधारण एका तासाचा माल. ओ-थ्रीची मुख्य रेषा ५००.७ नॅनोमीटरला आहे. ती हिरव्या आणि निळ्या, दोन्ही पिक्सेलना दिसते, म्हणजे चारांतल्या तिघांना: तीन तासांचा माल. पिक्सेलवरचे रंग थोडा प्रकाश खातात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे कमीच धरा. तरी एच-अल्फात मोनो पुढे आणि ओ-थ्रीत कलर मागे नाही, एवढं नक्की दिसतं. आणि कमी पडतो तो नेहमी ओ-थ्रीच. माझ्या डोळ्यांना तरी शहरातून काढलेल्या दोन्ही व्हेलमध्ये ड्युअल-बँडचा व्हेल अधिक भरलेला वाटतो. मोजमाप करून कुणी मला खोटं पाडलं तर हरकत नाही.

ड्युअल-बँडचं वाकडंही सांगायला हवं. एक म्हणजे ताऱ्यांचे रंग जातात, सगळे तारे एकाच साच्यातले दिसतात. त्यावर उपाय म्हणजे शेवटी फिल्टर काढून थोडे लहान सब घ्यायचे आणि तारे तिथून आणायचे. दुसरं म्हणजे प्रभावळ. मी आधी वापरलेल्या एका ड्युअल-बँड फिल्टरने मृगाच्या पट्ट्यातल्या अल्निटाकभोवती असं गोल वर्तुळ काढलं, की फ्लेम तेजोमेघाचा अर्धा भाग त्यातच गेला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्याच मॉडेलचा मित्राचा नग व्यवस्थित निघाला. घेतल्या घेतल्या एखाद्या ठळक ताऱ्यावर तपासून पाहा आणि परत करायची मुदत संपायच्या आत पाहा, एवढंच. बाकी एच-अल्फा आणि ओ-थ्री वेगळे करायला सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये तयार स्क्रिप्ट आहे, फुकट आहे आणि बरी चालते.

एस-टूची उणीव आता पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही. एस-टू आणि ओ-थ्री अशी जोडी असलेले ड्युअल-बँड फिल्टर मिळतात. दोन फिल्टरांत तिन्ही रेषा येतात, आणि गंमत म्हणजे ओ-थ्री दोन्हींत येतो, म्हणजे सगळ्यात कमी पडणाऱ्या रेषेला दुप्पट वेळ.

मग फिल्टरचा पट्टा किती रुंद? ऑप्टोलाँगचा एल-एनहान्स बराच रुंद, त्यांचाच एल-एक्स्ट्रीम ७ नॅनोमीटर, अँट्लियाचा एएलपी-टी ५, ऑप्टोलाँगचाच एल-अल्टिमेट ३. नियम सोपा आहे: पट्टा अर्ध्यावर आणला की आकाशाचा उजेडही अर्ध्यावर येतो आणि तेजोमेघाची रेषा तेवढीच राहते. त्यामुळे शहराच्या मध्यावर ३ चा फायदा डोळ्यांना दिसतो, विशेषतः ओ-थ्रीत. पण दोन गोष्टी आधी पाहाव्यात. तुमची लेन्स एफ/२ ची, म्हणजे खूप मोठ्या छिद्राची असेल, आपल्यातल्या पुष्कळांकडे ती १३५ मिलिमीटरची सॅमयांग आहे, तर तिरप्या किरणांमुळे फिल्टरचा पट्टा निळ्याकडे सरकतो. ७ ते सहन करून जातो, ३ मधून रेषाच निसटू लागते. लेन्स एफ/२.८ किंवा त्याहून पुढे बंद करावी लागते, म्हणजे वेगवान लेन्सचे दिलेले पैसे थोडे वायाच. दुसरं, ६५८.३ नॅनोमीटरला नायट्रोजनची रेषा आहे. ७ च्या फिल्टरमध्ये ती एच-अल्फाबरोबर आत येते, ३ च्या फिल्टरमध्ये बहुतेक बाहेर राहते. ग्रहीय तेजोमेघांत आणि व्हेलसारख्या, फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांत ती चांगली जोरदार असते. मला ती आत आलेली आवडते. शुद्धतावाद्यांना आवडणार नाही.

शिवाय ३ च्या मागे पार्श्वभूमी इतकी काळी होते, की कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट झाकायला सब लांबवावे लागतात. साध्या माउंटवर (दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीवर) दहा मिनिटांचं गायडिंग, म्हणजे ताऱ्यावर अचूक रोखून ठेवणं, रोज जमेलच असं नाही. एएलपी-टीच्या आसपासचा, म्हणजे ५ ते ७ चा पट्टा, मला सगळ्यात कमी कटकटीचा वाटतो.

एक गोष्ट घरातली. पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते, आणि चार महिने बंद असलेलं फिल्टर व्हील हे तिचं लाडकं ठिकाण. एकच फिल्टर असेल तर तो सिलिका जेलच्या डबीत पडून राहतो.

तर मोनो कुणी घ्यावा? ज्याचं सगळं लक्ष हिवाळ्यातल्या आकाशावर आहे, त्याने खुशाल घ्यावा. मृगातले, रोझेट, कॅलिफोर्निया हे तेजोमेघ आपल्या कोरड्या रात्रींत येतात, डिसेंबर ते फेब्रुवारी सलग अमावस्या मिळतात आणि हे सगळे एच-अल्फानेच भरलेले आहेत. माझा मोनो बाहेर निघतो तो तेव्हाच. ज्याची दुर्बीण शेतघरावर कायमची बसवलेली आहे त्यानेही घ्यावा. पेंचसारख्या ठिकाणी जाणाऱ्याने मात्र आधी फिल्टरशिवाय थोडं काढून पाहावं. २०२४ मध्ये त्याला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, तिथे जाऊन नॅरोबँडच्या मागे लागणं म्हणजे हातचं सोडून देणं.

बाकी, महिन्यातून दोन-चार मोकळ्या रात्री, शनिवारी घराबाहेर पडायचं, सोमवारी कामावर, असं ज्याचं आयुष्य आहे, त्याने कलर कॅमेरा आणि एक ड्युअल-बँड घेऊन बसावं असं मला वाटतं. फिल्टर दोन इंची घ्या, सेन्सर पुढे मोठा झाला तरी चालतो. आणि कधी मोनोकडे गेलातच, तर संच पूर्ण होण्याची वाट न पाहता पहिला चांगला पैसा ओ-थ्रीवर घाला. एच-अल्फा साधा असला तरी पौर्णिमेलासुद्धा काम देतो.