नवे घर हवाबंद करून देण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स येथे आम्ही घेतलेल्या नव्या घराचा ताबा मिळून सात महिने झाले होते, तेव्हाची ही हकीकत आहे. आपल्या माणसांपैकी अनेकांनी इथे नवीन घरे घेतली आहेत आणि थंडी वाढली की त्यांच्याही दारात असेच लोक उभे राहतील, म्हणून जे घडले ते आकड्यांसह लिहीत आहे.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी घरे हवाबंद करून देणाऱ्या एका कंपनीचा प्रतिनिधी आला. साताऱ्याहून आलेली माझी आई त्या दिवसांत बैठकीच्या खोलीतही शाल पांघरून बसत असे, सोफ्यामागच्या सॉकेटजवळ हात नेला की गार झुळूक लागत असे आणि गॅसच्या बिलाने आम्ही आधीच धास्तावलो होतो. त्यामुळे त्याचे बोलणे मला पटत गेले. त्याने थर्मल कॅमेऱ्यात भिंतींचे निळे कोपरे दाखवले आणि इथूनच उष्णता बाहेर जाते असे सांगितले. हा कॅमेरा फक्त पृष्ठभागाचे तापमान दाखवतो, बाहेरच्या भिंतींचे कोपरे हिवाळ्यात चांगल्या घरातही थोडे गारच असतात आणि हवेची गळती नीट पाहायची तर पंख्याने घरातला दाब कमी करून मग कॅमेरा फिरवावा लागतो, हे मला फार उशिरा समजले.

दोन दिवसांनी त्यांनी घराची चाचणी घेतली. मुख्य दाराच्या चौकटीत कापड ताणून त्यात मोठा पंखा बसवतात, घराच्या आत आणि बाहेर 50 पास्कलचा, म्हणजे साधारण 5 मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका, दाबाचा फरक निर्माण करतात आणि तो टिकवायला पंख्याला किती हवा ओढावी लागते ते मोजतात. घराच्या बाह्य आवरणाच्या दर चौरस मीटरमागे तासाला किती घनमीटर हवा गळते, असे ते उत्तर असते. इंग्लंडमध्ये जून 2022 पासून लागू झालेल्या नियमांत नव्या घरासाठी ही मर्यादा 8 आहे, त्याआधी ती 10 होती. आमचा आकडा त्यांनी 9.1 काढला आणि पॅसिव्ह हाऊसला, म्हणजे फारच कमी ऊर्जेत उबदार राहील अशा कडक मानकाने बांधलेल्या घराला, 0.6 लागतो, म्हणजे तुमचे घर पंधरापट गळके आहे, असे सांगितले. ती तुलनाच खोटी होती, कारण 0.6 हे माप घरातली सगळी हवा तासाला किती वेळा बदलते याचे आहे. ही दोन मापे शेजारी ठेवून भागाकार करता येत नाही. मी इंजिनिअर असूनही त्या वेळी एकक विचारले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

कामाचे 2,400 पौंड ठरले आणि ते त्यांनी थेट बँक खात्यात मागून घेतले. घरी येऊन केलेला असा करार 14 दिवसांत रद्द करता येतो. पण काम ताबडतोब सुरू करावे आणि काम पूर्ण झाल्यावर तो हक्क राहणार नाही हे मला मान्य आहे, असे त्यांनी माझ्याकडून लिहून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी काम उरकले. संध्याकाळच्या चाचणीत आकडा आला 3.4. प्रमाणपत्र हातात पडले आणि आम्हाला समाधान वाटले.

तीन आठवड्यांनी आईने हाक मारली, “अरे, कपाटामागं भिंतीला काळं आलंय बघ.” ती बुरशी होती. रोज सकाळी काचांवरून पाणी ओघळू लागले होते, पण ते थंडीमुळे असेल असे समजून आम्ही पुसत राहिलो होतो. त्या दिवशी मी स्टुलावर चढून खिडकीच्या चौकटीवरचा हवेचा झरोका उघडायला गेलो, तर त्याची पट्टी हलेना. आत पारदर्शक सिलिकॉन भरले होते. घरातल्या सगळ्या झरोक्यांची तीच अवस्था होती. खोल्यांच्या दारांखाली हवा फिरण्यासाठी ठेवलेली सुमारे 10 मिलिमीटरची फटही ब्रशच्या पट्ट्या लावून बंद केलेली होती. आमच्यासारख्या घरात हे झरोके, ही फट आणि स्वयंपाकघर व न्हाणीघरातले पंखे मिळून वायुवीजन होते. ते बंद केले की चार माणसांच्या श्वासाची, आंघोळीची आणि स्वयंपाकाची वाफ बाहेर जायला वाट उरत नाही. घरात गॅसचे किंवा लाकडाचे, खोलीतलीच हवा घेणारे उपकरण असले तर यात जिवावरही बेतू शकते.

मग ताब्याच्या वेळची फाईल काढली. त्यात बिल्डरच्या चाचणीचे प्रमाणपत्र होते आणि आकडा होता 4.9. ही फाईल आधी उघडली असती तर 9.1 हा आकडा दारातच खोटा ठरला असता.

पुढे आम्ही पैसे देऊन एक स्वतंत्र परीक्षक बोलावला. त्याने आधी सांगितले की प्रमाण पद्धतीत झरोके बंद करून, पंख्यांची तोंडे तात्पुरती चिकटपट्टीने झाकून, माळ्याचे झाकण नीट बसवून आणि मोऱ्यांच्या सापळ्यांत, म्हणजे पाइपाच्या पाणी साठणाऱ्या वाकड्या भागांत, पाणी भरून मगच मोजणी करतात. तेव्हा मला आठवले की कंपनीच्या पहिल्या चाचणीच्या वेळी झरोके उघडे होते आणि “आत पाहायचे आहे” म्हणून माळ्याचे झाकणही सरकवलेले होते. दुसऱ्या चाचणीच्या वेळी आम्हाला धुळीचे कारण सांगून तासभर बाहेर थांबवले होते. आत नेमके काय केले ते मी पाहिलेले नाही, पण न्हाणीघरातल्या पंख्याच्या जाळीवर चिकटपट्टीचा डिंक अजून होता, तसाच तो स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या पाइपांभोवतीही होता. स्वतंत्र चाचणीत आकडा आला 4.7. म्हणजे 2,400 पौंडांत घर 4.9 वरून 4.7 वर आले होते.

खरी गळती त्या परीक्षकाने पंखा चालू ठेवून शोधली. त्याच्याकडची धुराची कांडी संपत आली होती, म्हणून आईने देवघरातली उदबत्ती पेटवून दिली. बाथटबच्या बाजूचा फलक काढून आत उदबत्ती धरली, तेव्हा तिचा निखारा एकदम लालभडक झाला आणि धूर आडवा होऊन आमच्या तोंडावर आला. शौचालयाचा जाड पाइप भिंतीतून जातो तिथे हाताचा पंजा जाईल एवढे भोक तसेच सोडलेले होते. आमच्याकडे प्लास्टरबोर्ड भिंतीवर चिकटद्रव्याचे ठिपके देऊन बसवलेले आहेत, त्यामुळे बोर्डामागे पोकळी राहते. भोकातून शिरलेली हवा त्या पोकळीतून फिरते आणि सोफ्यामागच्या सॉकेटमधून बाहेर पडते. कंपनीने स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवलेल्या पट्टीच्या, कडेला रंगाऱ्याचे फिलर फिरवले होते, त्यालाही एव्हाना चिरा पडल्या होत्या.

हे भोक म्हणजे बांधकामातला दोष होता आणि दोन वर्षांच्या हमीत असे दोष दुरुस्त करून देणे बिल्डरवर बंधनकारक होते. परीक्षकाचा अहवाल जोडून लेखी तक्रार केली, तेव्हा पाच आठवड्यांत ते काम विनामूल्य झाले आणि सॉकेटमधली झुळूक थांबली.

कंपनीचा फोन आता लागत नाही. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथून ती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापारातल्या फसवणुकीवर कारवाई करणाऱ्या स्थानिक सरकारी विभागाकडे, जाते. 100 पौंडांहून महाग आणि 30,000 पौंडांपर्यंतच्या खरेदीचे पैसे क्रेडिट कार्डाने दिलेले असले तर 1974 च्या ग्राहक कर्जविषयक कायद्याच्या (कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट) कलम 75 नुसार कार्ड देणाऱ्या बँकेकडेही दावा करता येतो. आम्ही खात्यातून पाठवले होते, त्यामुळे तो मार्ग बंद होता. झरोक्यांमधले सिलिकॉन मी ब्लेडने खरवडून काढले. दोन निघालेच नाहीत, ते नवे बसवावे लागले. आईच्या खोलीतली भिंत पुसून, वाळवून पुन्हा रंगवली आहे आणि तिचे कपाट आता भिंतीपासून वीतभर पुढे ठेवले आहे.