बायपासनंतरचं दुखणं: उशी, पट्टा, शेक, टेन्स की मालिश?

बायपास झालेला माणूस घरी आला की सल्ले सुरू. कोणी म्हणतं छातीचा पट्टा घ्याच, कोणी म्हणतं आमच्या मामांना त्या करंटच्या मशीनने काय फरक पडला, आणि शेजारच्या काकू तर नारायण तेलाची बाटली घेऊनच येतात. बाबांच्या ऑपरेशननंतर यातलं जवळपास सगळं आमच्या घरातून फिरून गेलंय, त्यामुळे ज्यांना आता ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितेय. माझं मत आधीच सांगते: सगळ्यात भारी उपाय कोणता असं विचारूच नका, दुखतंय कुठे आणि नेमकं कधी ते विचारा, आणि पैसे खर्च करायचं सगळ्यात शेवटी.

अजून एक, यातलं काहीही गोळ्यांच्या ऐवजी नाही, गोळ्यांच्या जोडीला आहे. गोळी नको म्हणून दुखणं सोसत बसणारा पेशंट खोकतच नाही, खोल श्वास घेत नाही, मग कफ साचतो आणि न्यूमोनियाची भीती. उलट दुकानातून मनानेच ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून देणारेही असतात, तेही नाही, बायपासनंतरच्या दिवसांत त्या जातीच्या गोळ्यांनी हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका वाढतो, किडनीवर ताण येतो तो वेगळाच.

आता दुखतं कुठे? छातीचं मधलं हाड उभं कापून स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं, ते बऱ्यापैकी धरायलाच सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे खोकला, शिंक, कूस बदलणं, उठणं यात कळ येते. ऑपरेशनच्या वेळी बरगड्या ताणून उघड्या ठेवतात म्हणून मान, खांदे आणि पाठीत दोन फऱ्यांच्या मधे भरून येतं, आणि घरच्यांना कळतच नाही की ऑपरेशन छातीचं आणि कुरकुर पाठीची का. बायपाससाठी पायातली शीर काढली असेल तर तो पाय ठणकतो. आणि छातीच्या आतली धमनी वापरली असेल तर डाव्या बाजूला बधीरपणा, मुंग्या, चुरचुर, हे काही महिने राहू शकतं.

उशी की पट्टा

खोकल्याच्या कळेला उशीइतकं कामाचं दुसरं काही मी पाहिलं नाही. परदेशात काही हॉस्पिटलं खास हार्टच्या आकाराची उशी देतात, आपल्याकडे सुती चादरीची घट्ट घडी चालते, साधारण डब्बल टॉवेलएवढी जाड. बाबांना फिजिओने शिकवलं ते असं: बसायचं, थोडं पुढे झुकायचं, घडी छातीच्या हाडावर ठेवून दोन्ही हातांनी स्वतःला मिठी मारल्यासारखी आवळायची, नाकाने श्वास भरायचा आणि आवळलेलं असतानाच खोकायचं. खोकून झाल्यावर आवळायचं नाही, ही चूक सगळेच करतात, कळ येऊन गेल्यावर उशी धरून काय उपयोग. गाडीत बसताना सीट बेल्ट आणि छातीच्या मधे तीच घडी, स्पीडब्रेकरला दुवा द्याल.

पट्ट्याचं काम तेच, फक्त हात मोकळे राहतात. ज्यांना दम्याचा किंवा बिडी-सिगरेटचा जुना खोकला आहे, वजन जास्त आहे किंवा वयामुळे उशी धरायचं लक्षातच राहत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावा, आणि त्यातही पुढे हाताने ओढायच्या मुठी असलेला मिळतो तो बघा. पण दिवसभर करकचून बांधून ठेवलात तर श्वास वरवरचा होतो, श्वासाच्या व्यायामाला देतात त्या तीन बॉलवाल्या मशीनमधला तिसरा बॉल हलायचं नाव घेत नाही, शिवाय उन्हाळ्यात आत घाम येऊन जखमेभोवतीची कातडी लाल होते. हॉस्पिटलबाहेरच्या दुकानात डिस्चार्जचा कागद बघूनच पट्टा पुढे करतात, तेव्हा घाईने घेऊ नका, फिजिओकडून मापाचं बघून घ्या.

बायकांसाठी एक गोष्ट कोणी स्पष्ट बोलत नाही म्हणून मीच बोलते. स्तनांचं वजन जखमेला दोन्हीकडून खेचतं आणि दुखणं त्यानेच वाढतं. पुढून उघडणारी, तार नसलेली, मऊ सुती ब्रा रात्रीसुद्धा घातली तर बराच आराम पडतो, आणि ती पट्ट्यापेक्षा स्वस्तही पडते.

फुकटातला उपाय म्हणजे उठायची पद्धत. आधी गुडघे वाकवायचे, मग खांदे आणि कंबर एकदम कुशीवर, पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडायचे आणि त्या वजनानेच वर यायचं, कोपरं अंगाला चिकटलेली. काखेत हात घालून पेशंटला ओढून उठवणारा प्रेमळ मुलगा हा पेशंटचा शत्रू समजा. गादी जमिनीवर असेल तर निदान दोन-तीन महिने कॉटची सोय करा, आणि संडास भारतीय असेल तर कमोडची खुर्ची आणा, हाताला जोर देऊन उठणं टळतं.

बर्फ की शेक

बर्फाचा खरा उपयोग हॉस्पिटलमधेच. छातीतल्या नळ्या काढताना कळ येते, त्याआधी दहा-वीस मिनिटं नळीच्या आजूबाजूला थंड पॅक ठेवला तर ती कमी होते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, त्यामुळे सिस्टरांना आधी विचारून ठेवा, मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही. घरी आल्यावर पाठ आणि खांद्यांना गरम पिशवीचा शेक जास्त मानवतो. पण डाव्या छातीवर जिथे बधीर आहे तिथे शेक नको, कातडी भाजली तरी कळत नाही, डायबेटिस असेल तर अजूनच जपा. शीर काढलेल्या पायाला शेक-बिक काही नको, बसताना स्टुलावर उशी ठेवून पाय वर घ्या, सूज उतरली की ठणकाही उतरतो.

टेन्स की मालिश

टेन्स म्हणजे ते छोटं करंटचं मशीन, पॅड जखमेवर नाही तर जखमेच्या दोन्ही बाजूंना लावतात आणि मुंग्या आल्यासारखं वाटतं. अभ्यासांत फायदा दिसलाय, पण थोडाच, आणि मुख्यतः खोकताना-हलताना. पेसमेकर बसवला असेल किंवा ऑपरेशननंतर हृदयाचे ठोके सांभाळायला तात्पुरत्या ठेवलेल्या पेसिंगच्या तारा अजून छातीतून बाहेर आलेल्या असतील तर हा विषय आपल्या पातळीवर बंद, सर्जनने हो म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. विकत घेण्याआधी फिजिओकडे दोन-तीनदा लावून बघा, कारण काहींना त्या मुंग्याच सहन होत नाहीत.

पाठ आणि मानेच्या दुखण्याला माझं मत मालिशीला. अमेरिकेत मेयो क्लिनिकमधे हार्ट सर्जरीच्या पेशंटना वीस मिनिटांची मालिश देऊन बघितली, त्याचा अभ्यास 2010 साली छापून आला, त्यात दुखणं आणि घाबरेपणा दोन्ही कमी झाले होते. घरी करायचं तर पालथं झोपवणं अशक्यच, म्हणून टेबलावर उशी ठेवून तिच्यावर कपाळ टेकवून बसवायचं आणि मागून मान, खांदे, फऱ्यांच्या मधली जागा हलक्या हाताने चोळायची. तळपाय-तळहात चेपून दिले तरी झोप लागते. पोटऱ्या मात्र रगडायच्या नाहीत, गुठळी असेल तर ती सुटायची भीती, आणि तेल जखमेच्या आसपासही नको.

गाणी, ध्यान, प्राणायाम

यात दुखणं किती कमी होतं याबद्दल मी जरा साशंक आहे. 2014 साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने ओपन हार्ट सर्जरीनंतरच्या मानसिक उपायांचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा वेदना नक्की कमी होते असं ठामपणे म्हणता आलं नाही, मनाचा त्रास मात्र थोडा हलका झालेला दिसला. पण खर्च शून्य आणि रात्री दोनला पेशंट टक्क जागा असतो तेव्हा कानात अभंग किंवा जुनी गाणी असली तर वेळ निघतो, हे काय कमी आहे. श्वास सावकाश, भ्रामरी हळू आवाजात, एवढं पुष्कळ. कपालभाती आणि भस्त्रिकाचे झटके छातीच्या हाडाला नकोतच.

बाम हा उपाय लोक औषधात धरतच नाहीत, पण तो औषधच आहे. बऱ्याच दुखण्याच्या बाममधे मिथाइल सॅलिसिलेट असतं, ते कातडीतून रक्तात जातं, आणि हृदयाची झडप बदललेली असून वॉरफरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा) वाढून रक्तस्राव होऊ शकतो. मागचं लेबल वाचा आणि डॉक्टरांना विचारा.

हाडात कट-कट आवाज येत असेल, जखमेतून पाणी-पू येत असेल, ताप असेल किंवा कमी होत आलेलं दुखणं परत वाढायला लागलं असेल, तर उशी बदलून किंवा शेक वाढवून बघत बसू नका, त्याच दिवशी सर्जनला फोन करा. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन दम लागत असेल, घाम फुटत असेल तर थेट 108.