इंटरप्रिटरला सी लायब्ररी जोडायची: नावावरून, तक्त्यातून की थेट एफएफआयने?

रत्नागिरीत सुट्टीतल्या वर्गासाठी मी मराठी नावं चालणारा एक छोटा इंटरप्रिटर, म्हणजे मुलांचा प्रोग्रॅम वाचून तिथल्या तिथे चालवणारा प्रोग्रॅम, लिहिला. मुलं बरीचशी मिरकरवाडा या मासेमारी बंदराकडची, त्यामुळे पहिला धडा कशावर घ्यायचा हे ठरवायला वेळ लागला नाही. आपल्या किनाऱ्यावर दिवसाला साधारण दोन भरत्या, त्यांच्यामध्ये अंदाजे १२ तास २५ मिनिटं, आणि वर उधाण-भांगाचा (मोठ्या आणि लहान भरतीचा) फरक. हे गणित सी भाषेतल्या लायब्ररीत, म्हणजे फंक्शनांच्या बांधलेल्या फाइलीत, तयार होतं. ते इंटरप्रिटरच्या हाती द्यायचं कसं, यावर माझे बरेच दिवस गेले. तुम्हीही त्याच ठिकाणी अडला असाल तर वाटा तीन आहेत, आणि तिन्ही मी चालून पाहिल्या आहेत.

पहिली वाट नावाची. भाषेतल्या फंक्शनच्या नावावरून सी मधल्या सिम्बॉलचं (लायब्ररीबाहेर दिसणाऱ्या फंक्शनचं) नाव ठराविक नियमाने बनवायचं आणि लायब्ररीत ते शोधायचं. जावाचं जेएनआय (जावातून सी फंक्शन बोलावायची सोय) हेच करतं: 'जावा' हा शब्द, मग पॅकेज, क्लास आणि मेथड, सगळं अंडरस्कोअरने जोडलेलं. वेगळी नोंदणी लागत नाही, हा फायदा खरा. पण देवनागरी आली की नाव फुगतं. प्रत्येक अक्षरचिन्हाच्या जागी अंडरस्कोअर, शून्य आणि चार हेक्स अंक येतात. 'भरती' मध्ये भ, र, त आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे एवढ्याशा शब्दाला चोवीस अक्षरं. लिंकरने (बांधलेले तुकडे जोडणाऱ्या साधनाने) चूक दाखवली तर ती वाचणार कोण? जीसीसी या सी कंपायलरला २०२० च्या दहाव्या आवृत्तीपासून सी मध्ये सरळ देवनागरी नाव चालतं हे खरं, पण विंडोजवर सिम्बॉल शोधणाऱ्या गेटप्रॉकअ‍ॅड्रेसला युनिकोड रूपच नाही. एकूण, मराठी नावांसाठी ही वाट मी घेणार नाही.

दुसरी वाट तक्त्याची. लायब्ररी बाहेर एकच प्रवेश-फंक्शन दाखवते, आणि ते फंक्शन आतल्या कामांचा तक्ता इंटरप्रिटरला देतं: डावीकडे नाव, उजवीकडे सी फंक्शनचा पत्ता. लुआ या भाषेत प्रवेशाचं नाव 'लुआओपन_' आणि पुढे मॉड्यूलचं नाव, टिंबांच्या जागी अंडरस्कोअर. रुबीत 'इनिट_', पायथन ३ मध्ये 'पायइनिट_'. मॉड्यूलचंच नाव आस्कीबाहेरचं, म्हणजे साध्या रोमन अक्षरांपलीकडचं, असेल तर पायथन ३.५ पासून 'पायइनिटयू_' पुढे त्या नावाचं प्युनीकोड (रोमन अक्षरांत बसवलेलं) रूप लावायची सोय आहे. सोय चांगली आहे, पण ती वापरण्याची वेळच येऊ देऊ नका. मॉड्यूल आणि फाइल रोमन नावाची ठेवा, देवनागरी फक्त तक्त्यात. तक्त्यातलं नाव म्हणजे यूटीएफ-८ स्ट्रिंग, नुसता मजकूर, लिंकरला तिच्याशी देणंघेणं नाही. शिवाय प्रवेश-फंक्शन सोडून बाकी सगळ्यांना 'स्टॅटिक' (फाइलीबाहेर दिसू नये अशी खूण) लावता येतं, त्यामुळे दोन लायब्रऱ्यांत एकाच नावाची मदतनीस फंक्शनं असली तरी टक्कर होत नाही.

तिसरी वाट एफएफआयची, म्हणजे दुसऱ्या भाषेतलं फंक्शन थेट बोलावण्याची: पायथनचं सीटाइप्स, लुआजिटचं एफएफआय, किंवा स्वतःच्या इंटरप्रिटरला लिबएफएफआय जोडणं. मधला सी कोड लिहावा लागत नाही, तयार लायब्ररी उघडली की काम सुरू. आमच्याकडे पावसात लाइट गेली की इंटरनेटही जातं आणि प्रत्येक जुन्या लॅपटॉपवर कंपायलर चढवणं होत नाही, म्हणून मी आधी हीच वाट धरली होती. पेनड्राइव्हवर लायब्ररी न्यायची, बस्स.

मग ती फसली. तास पूर्णांकात घेऊन पाण्याची उंची मीटरमध्ये 'डबल' (दशांश आकडा) म्हणून देणारं माझं फंक्शन सीटाइप्समधून बोलावलं, तर पडद्यावर भलताच पूर्णांक. चूक माझीच होती. परतीचा प्रकार सांगितला नाही तर सीटाइप्स तो 'इंट' (पूर्णांक) धरतं, आणि तक्रारही करत नाही. मुलगा मात्र स्वतःचं गणित तपासत बसला. शिकणाऱ्याच्या हाती असं साधन द्यायला माझं मन होत नाही. तक्त्याच्या वाटेत आकडा घेणं आणि परत देणं मी एकदाच नीट लिहितो, आणि चुकीचा प्रकार आला तर मराठीत सांगतो. पेनड्राइव्हची सोय तिथेही राहते: घरी ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन डीएलएल (विंडोजच्या लायब्ररी फाइली) बांधून न्यायच्या.

तक्ता निवडलात तरी एक काम उरतं, आणि ते मराठीचं खास आहे. एका मुलीने घरून 'वाऱ्याचा_वेग' बोलावणारा प्रोग्रॅम आणला. इंटरप्रिटर म्हणाला, असं फंक्शन नाही. दोन्ही नावं शेजारी ठेवली, केसाचाही फरक दिसेना. बाइट पाहिले तेव्हा कळलं. माझ्या कीबोर्डवर ऱ्य म्हणजे ऱ, हलंत, य. तिच्या कीबोर्डवर साधा र, हलंत, न दिसणारा जॉइनर, य. युनिकोडचं एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी लिहिलेली रूपं एकसारखी करायचा नियम) ही दोन रूपं एक करत नाही. पायथन असा जॉइनर नावात घेतच नाही, चूक दाखवून थांबतो. मला वाटलं, जॉइनर गाळून टाकला की झालं. पण तो गाळला तर 'दऱ्या' चा 'दर्या' होतो! डोंगरातल्या दऱ्या आणि समोरचा दर्या एकाच फंक्शनवर जाऊन बसतात.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी र-हलंत-जॉइनर दिसेल तिथे ऱ-हलंत करा, मग एनएफसी, आणि शेवटी उरलेले जॉइनर काढा. हे सगळं एकाच फंक्शनमध्ये. तक्त्यातलं नाव नोंदवताना तेच, मुलाचा प्रोग्रॅम वाचताना तेच.

दुसऱ्याची तयार लायब्ररी जोडायची असेल आणि तिच्या फंक्शनांचे प्रकार हेडरमध्ये स्पष्ट दिलेले असतील तर एफएफआय जरूर वापरा, फक्त मुलांपासून एक थर आत ठेवा. लायब्ररी चालू प्रोग्रॅममध्ये मध्येच बंद करू नका. तक्त्यातले पत्ते तिच्याच आत असतात, बंद झाल्यावर कुणी 'भरती' बोलावली की इंटरप्रिटर कोसळतो. लुआ आपल्या लायब्रऱ्या स्टेट (म्हणजे चालू इंटरप्रिटर) संपेपर्यंत धरून ठेवतं. मीही तसंच केलं आहे.

विंडोजवर लायब्ररीची फाइल उघडताना लोडलायब्ररी या फंक्शनचं डब्ल्यू (युनिकोड) रूपच वापरा. ए रूप जुन्या कोड पेजवर (अक्षरांच्या मर्यादित तक्त्यावर) चालतं आणि देवनागरीला तसं कोड पेज नाही. डीएलएलचं नाव रोमन असलं तरी ज्या फोल्डरात ती पडली आहे त्याचं नाव एखाद्या मुलाने 'समुद्र' ठेवलेलं असतं.