भाजलेल्या लेकराला रोजचं मलम की कोलॅजन?

मूल चहाने नाहीतर अंघोळीच्या कढत पाण्याने पोळतं, दाखल होतं, सलाईन लागतं आणि डॉक्टर विचारतात, "रोज मलम लावून ड्रेसिंग करू या की कोलॅजन घालू या?" हे कोलॅजन म्हणजे प्राण्यांच्या अंगातल्या प्रथिनाची पातळ शीट, ती जखमेवर पसरून घालतात. त्या वेळी आईबापाचं डोकं ठिकाणावर नसतं. माझंही नव्हतं. दीड वर्षाच्या मुलाने गॅसवरून उतरवून खाली ठेवलेलं चहाचं पातेलं अंगावर ओढलं होतं. छाती, डावा दंड आणि जांघ. बोटांसकट त्याचा तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण १ टक्का, या मापाने डॉक्टरांनी १२ टक्के धरलं. १० टक्क्यांच्या वर गेलं की लहान मुलाला सहसा ठेवूनच घेतात.

आमच्या बाबतीत दोन्ही उपचार एकाच अंगावर झाले, म्हणून हे लिहावंसं वाटलं. छातीला आणि दंडाला कोलॅजन घातलं. जांघेत मात्र लघवी-शीने शीट टिकणार नाही म्हणून तिथे मलमच चालू ठेवलं.

मलम म्हणजे ते पांढरं, सिल्व्हर सल्फाडायझिनचं. गेली पन्नासहून जास्त वर्षं वापरात आहे, स्वस्त आहे, तालुक्याच्या ठिकाणीही मिळतं आणि जंतूंना आवर घालतं. जखम मळलेली असेल, घरी हळद-टूथपेस्ट लावून दोन दिवस गेले असतील, पू दिसत असेल, तर मलमच बरं, असं आमच्या डॉक्टरांचंही म्हणणं पडलं. सल्फाची ॲलर्जी असेल तर आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ते लावत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

माझा कौल फिरला तो पट्टी सोडताना. पहिल्या रात्री जवळच्या दवाखान्यात मलम लावून पट्ट्या बांधल्या होत्या. त्यात चूक काहीच नव्हती. सकाळी सिस्टरने त्या सोडायला घेतल्या. वरचे पदर सुटले, शेवटची गॉझ दंडाला धरून बसली होती. तिने सलाईनची बाटली ओतून ओतून ती भिजवली, कडेकडेने बोटभर उचलली, थांबली, पुन्हा भिजवली. हात हलका होता तिचा. तरी गॉझ सुटली तिथे बारीक बारीक रक्ताचे थेंब आले. जखमेवरचा नाजूक थर तिच्याबरोबर निघत होता. खाली मलमाचा पिवळट चिकट थर साचला होता. मला वाटलं पू झाला. तो पू नव्हता, पण तो पुसून काढल्याशिवाय जखम किती खोल आहे हे डॉक्टरांनाही नीट दिसेना. म्हणजे पुन्हा पुसणं आणि पुन्हा रडणं. पाऊण तास गेला. हे रोज करायचं, आणि मी त्याचे दोन्ही हात धरून उभा राहायचं.

मोठ्या रुग्णालयात गेल्यावर मी कोलॅजन म्हणालो ते या पाऊण तासामुळे.

कोलॅजनलाही त्रास आहे, तो पहिल्याच दिवशी एकदम होतो. चार-सहा तास उपाशी ठेवावं लागलं, थोडी भूल दिली, ऑपरेशन थिएटरमध्ये फोडांची सुटी कातडी काढून जखम धुतली. आदल्या रात्रीचं मलम पार निघेपर्यंत धुवावं लागलं, नाहीतर शीट नीट धरत नाही. शीट पाकिटात स्पिरिटसारख्या द्रवात बुडवलेली येते, म्हणून तीही सलाईनमध्ये खळबळून घेतात. घालताना ती ओल्या फेणीसारखी लुसलुशीत असते, वाळली की पारदर्शक पापुद्रा होऊन अंगाला बसते. खालची जखम वरून दिसते, पट्टी सोडावी लागत नाही. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी दंडावर एका जागी खाली पाणी धरलं. डॉक्टरांनी बारीक छेद देऊन ते दाबून काढलं. पू झाला असता तर तेवढी शीट काढावीच लागली असती. अकराव्या दिवसापासून कडा वर यायला लागल्या. सिस्टर सुटलेला भाग कात्रीने कापायची, खाली गुलाबी कातडी.

त्याच दिवसांत जांघेचं ड्रेसिंग रोज होत होतं. ट्रॉलीची चाकं तीन खाटा पलीकडे वाजली की तो माझ्या गळ्याला मिठी मारायचा. छाती-दंडाला हात लावला तर मात्र बघत बसायचा. मोजमाप म्हणून माझ्याकडे एवढंच आहे.

चिकटणाऱ्या गॉझचं हे दुखणं जुनंच. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातल्या डॉ. केसवानी आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग मांडलं. साल जखमेला चिकटत नाही आणि गरिबाला परवडते. डॉक्टरांनी रुग्णालयात तयार केलेल्या पट्टीची ही गोष्ट आहे. घरच्या साली लावायला जाऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर कोलॅजनचा आकडा एकदम समोर येतो, मलमाचा रोज थोडाथोडा. ड्रेसिंगचे दिवस आणि वेदनाशामकं धरली तर आमच्या बिलात फरक वाटला होता तेवढा निघाला नाही. डागांबाबत मी जास्त दावा करणार नाही. दोन्ही जागा तीन आठवड्यांच्या आत भरल्या आणि सहा महिन्यांनी रंगात मला फरक दिसला नाही. खोल भाजलं असेल तर हा प्रश्नच उरत नाही, तिथे बहुधा कातडी लावावी लागते. आणखी एक, बऱ्याच शीट गोवंशीय कोलॅजनच्या असतात. घरात त्याचं अवघड वाटत असेल तर आधीच विचारा, माशाच्या कोलॅजनच्याही असतात.

विचारायचं ते मात्र पहिल्याच दिवशी. जखम ताजी आणि स्वच्छ असतानाच कोलॅजन चांगलं धरतं. आणि मलमच ठरलं, तर ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दुखण्याचं औषध द्यायला सांगा. आम्हाला हे चौथ्या दिवशी कळलं.