फिस्टुलाचा प्रवाह मोजून देणारी धंतोलीतील डॉप्लर सेवा

डायलिसिसच्या रुग्णाचा फिस्टुला, म्हणजे सुया लावून रक्त काढता यावे म्हणून हाताची धमनी शिरेला जोडून केलेला मार्ग, चालू आहे की बंद, एवढेच सांगणारी तपासणी नागपुरात कुठेही होते. त्या शिरेतून मिनिटाला किती रक्त वाहते, वाटेत कुठे वेग अचानक वाढतो आणि कुठे मंदावतो, हे लांबीभर तपासून लिहून देणारी केंद्रे मात्र मला थोडीच आढळली. धंतोलीतील ज्या लहानशा डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह मोजणाऱ्या) केंद्रात माझ्या पत्नीच्या डाव्या मनगटावरील फिस्टुला नियमित तपासला जातो, ते त्यांपैकी एक आहे. केंद्राच्या नावापेक्षा तेथे काय आणि कसे मोजतात हे अधिक महत्त्वाचे वाटते, कारण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या रुग्णांनाही आपापल्या ठिकाणी हेच मोजमाप मागून घेता येईल.

माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे वाहत्या पाण्याचा काठावर पडणारा ताण हा माझ्या रोजच्या हिशेबातला विषय होता. फिस्टुलाचे भवितव्यही बव्हंशी अशाच ताणावर ठरते, हे या केंद्रातील डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत पडद्यावर दाखवून समजावले. मनगटाजवळची धमनी आणि तिच्या शेजारची शीर शस्त्रक्रियेने जोडण्याची पद्धत ब्रेसिया, सिमिनो, अपेल आणि हर्विच यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केली, आणि आजही तिच्याइतका टिकाऊ मार्ग दुसरा नाही. एरवी मनगटाच्या धमनीतून मिनिटाला जेमतेम 20 ते 30 मिलिलिटर रक्त जाते. जोड होताच हा प्रवाह काही पटींनी वाढतो आणि चांगल्या तयार झालेल्या फिस्टुलात तो 600 ते 1200 मिलिलिटरपर्यंत पोहोचतो. ज्या शिरेने आयुष्यभर संथ, कमी दाबाचे रक्त वाहिले, तिच्या आतल्या पेशींवर रक्त एकाएकी जोराने घासून जाऊ लागते. हा घर्षणताण प्रवाहाच्या प्रमाणात वाढतो आणि त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. पेशींना तो जाणवताच त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात, भिंत सैल पडते, शीर रुंदावत जाते आणि ताण पुन्हा मूळच्या पातळीकडे येऊ लागतो. डॉक्टर ज्याला फिस्टुला ‘तयार होणे’ म्हणतात, ते बऱ्याच अंशी हेच होय. सुरुवातीलाच प्रवाह कमी राहिला, तर शिरेला रुंदावण्याचा इशाराच पुरेसा मिळत नाही, आणि असा फिस्टुला महिनोन्‌महिने वाट पाहूनही सुई लावण्याजोगा होत नाही. म्हणूनच साधारण सहा आठवड्यांनी प्रवाह मिनिटाला किमान 600 मिलिलिटर, व्यास किमान 6 मिलिमीटर आणि त्वचेखालील खोली मात्र 6 मिलिमीटरपेक्षा कमी, हा ठोकताळा तपासून पाहतात. आमच्या पहिल्या अहवालात हे तिन्ही आकडे होते. त्याआधी दुसरीकडे केलेल्या तपासणीत ‘फिस्टुला चालू’ एवढीच ओळ लिहिली होती.

खरी अडचण जोडापाशी असते. धमनीतून वेगाने आलेले रक्त तेथे एकदम वळते, बाहेरच्या काठाला धडकते आणि आतल्या काठाशी भोवरे धरते. कालव्याच्या वळणावर आतल्या बाजूला पाणी संथ होते आणि गाळ नेमका तेथेच धरतो, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे अडथळा बाहेरून येत नाही, भिंत स्वतःच जाड होते. जेथे ताण कमी असतो आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्याची दिशा उलटसुलट होते, तेथील पेशी एका दिशेने नीट मांडलेल्या राहत नाहीत. खालच्या थरातील स्नायुपेशी आत सरकून वाढू लागतात आणि मार्ग अरुंद होतो. मनगटावरील फिस्टुलात हे अरुंदीकरण बहुधा जोडापासून पुढच्या काही सेंटिमीटरमध्ये होते. कोपरावरील फिस्टुलात ते खांद्याजवळ, शीर खोलात वळते त्या कमानीत आढळते, तर कृत्रिम नळी बसवलेली असेल तेव्हा नळी शिरेला मिळते तेथे. तपासणाऱ्याला ही ठिकाणे ठाऊक असली, तर तो तेथेच अधिक वेळ देतो, आणि या केंद्राची मोठी जमेची बाजू हीच आहे.

तपासणीची रीत मला अतिशय काटेकोर वाटली. तंत्रज्ञ बाई प्रथम यंत्राला हात लावत नाहीत. “काकू, मूठ सैल सोडा,” असे म्हणून त्या तीन बोटांनी थरथर कुठपर्यंत लागते ते पाहतात, मग हात वर उचलायला सांगतात. हात वर केल्यावर फुगलेली शीर बसली तर पुढची वाट मोकळी आहे; ती टणक आणि फुगलेलीच राहिली तर वर कुठेतरी अडथळा असण्याची शक्यता असते. त्यानंतर जेल लावून कोपराच्या वरच्या भागातील धमनीत प्रवाह मोजतात. फिस्टुलाच्या शिरेत रक्त घुसळत असल्याने आणि तिची रुंदी जागोजागी बदलत असल्याने तेथील आकडा भरवशाचा नसतो. वरची धमनी सरळ असते आणि तिच्यातील प्रवाह सुरळीत असतो. ध्वनिलहरीचा कोन 60 अंशांपेक्षा जास्त होऊ न देणे आणि पुन्हा पुन्हा मोजून सरासरी घेणे, या दोन्ही गोष्टी मी तेथे डोळ्यांनी पाहिल्या. मग शीर मनगटापासून वरपर्यंत तपासली जाते. अरुंद जागा आली की पडद्यावरचा एकसंध रंग फुटून ठिपक्याठिपक्यांचा होतो आणि यंत्रातून येणारा भरदार, खालचा आवाज एकदम शिट्टीसारखा बारीक होतो. शिरेच्या आधीच्या भागातील वेगाच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक वेग मिळाला, तर निम्म्याहून अधिक अरुंदीकरण धरतात. खुद्द जोडावर हेच प्रमाण तिप्पट मानतात.

या तपासणीचे मोल गेल्या उन्हाळ्यात कळले. डायलिसिसच्या वेळी मशीन रक्त ओढताना वारंवार अलार्म देऊ लागले होते, आणि जेथे डायलिसिस होत होते तेथील कर्मचारी पंपाचा वेग मिनिटाला 300 मिलिलिटरवरून उतरवून काम भागवत होते. थरथर हाताला लागत होती, म्हणून कोणी काळजी केली नाही. धंतोलीत मोजले तेव्हा प्रवाह 500 च्या खाली गेलेला निघाला आणि जोडाच्या लगेच पुढे अरुंद जागा सापडली. इतका कमी प्रवाह म्हणजे गुठळी होऊन फिस्टुला बंद पडण्याचा धोका असतो. त्यातच नागपूरचा मे महिना होता. पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा घामाने शरीरातील पाणी कमी होते, डायलिसिसनंतर रक्तदाब घसरतो आणि आधीच रोडावलेला प्रवाह आणखी मंदावतो. अहवाल हातात असल्याने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना नेमकी जागा शोधत बसावे लागले नाही. बलूनने मार्ग रुंद केल्यानंतर मशीन पुन्हा पूर्ण वेगाने चालू लागले. असे अरुंदीकरण पुन्हा होऊ शकते, म्हणून पुढच्या तपासणीची तारीख केंद्राने त्याच दिवशी लिहून दिली. ज्या आजारात हाताची प्रत्येक शीर म्हणजे रुग्णाची पुंजी असते, त्यात एवढी दक्षता सर्वत्र असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. अहवाल केवळ इंग्रजीत असतो, आणि बाहेरगावच्या रुग्णांना तो कोणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो. हाताचे रेखाचित्र काढून त्यावर अरुंद जागा, व्यास आणि सुई लावण्यास योग्य पट्टा दाखवला, तर डायलिसिसच्या तंत्रज्ञांनाही त्याचा उपयोग होईल. एकाच जागी पुन्हा पुन्हा सुया लावल्याने शीर फुगते, ते त्यामुळे टळू शकेल. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हा अशक्त रुग्णांना मोठाच त्रास आहे. धंतोलीच्या अरुंद गल्ल्यांत गाडी लावणे कठीण असल्याने रिक्षाने जाणे बरे. शुल्क साध्या डॉप्लरपेक्षा जास्त आहे, पण लागणारा वेळ आणि काळजी पाहता ते मला अवाजवी वाटले नाही.

जाताना दोन गोष्टी पाळाव्यात. डायलिसिस झाल्याबरोबर तपासणीला जाऊ नये, कारण तेव्हा रक्तदाब उतरलेला असतो आणि पट्ट्याही बांधलेल्या असतात. मधल्या दिवशी जावे. आधीचे अहवाल सोबत न्यावेत, कारण 900 वरून 600 वर आलेला प्रवाह आणि पहिल्यापासून 600 असलेला प्रवाह यांचा अर्थ वेगळा होतो. छातीतील मोठ्या शिरा हाडांआड असल्याने डॉप्लरला नीट दिसत नाहीत. संपूर्ण हाताला सूज असेल किंवा सुई काढल्यावर रक्त बराच वेळ थांबत नसेल, तर फिस्टुलोग्राम (शिरेत रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे) करून घ्यावा, असे हे केंद्र अहवालाच्या शेवटी स्वतःहून लिहून देते.