बीमवरचा वॉल लोड काढून देणारं अॅप: 5 पैकी 4 स्टार, आणि एक स्टार का कापला ते

स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये जे काम सगळ्यात सोपं म्हणून नवीन पोरांकडे ढकललं जातं ते म्हणजे बीमवर (भिंत-स्लॅबचं वजन पेलणाऱ्या आडव्या तुळईवर) येणारा भिंतीचा लोड काढणं, आणि इमारतीचं कॉम्प्युटर मॉडेल चेक करताना सगळ्यात जास्त गडबड सापडते ती पण तिथेच. म्हणून हे फुकट मिळणारं वॉल लोड कॅल्क्युलेटर अॅप मी जरा कसून वापरून बघितलं, हाताने केलेल्या गणिताशी प्रत्येक उत्तर ताडून बघितलं आणि मगच लिहितोय.

पहिलं म्हणजे यात पायऱ्या दिसतात. नुसता एक आकडा तोंडावर फेकून मोकळं होत नाही. भिंतीची जाडी, उंची, घनता, प्लास्टर असं वेगवेगळं गुणून दाखवतं आणि खाली बेरीज. मला विचाराल तर कॅल्क्युलेटरमध्ये याच्यापेक्षा मोठा गुण नाही, कारण आकडा चुकला तर कुठे चुकला ते तिथल्या तिथे कळतं.

आता उदाहरण घ्या. फ्लोअर टू फ्लोअर 3 मीटर, वरचा बीम 450 मिलिमीटर खोल, भिंत 230 मिलिमीटर जाडीची, विटांची. भिंत खालच्या बीमच्या टॉपपासून वरच्या बीमच्या तळापर्यंतच असते, म्हणजे उंची 2.55 मीटर. विटकामाची घनता 20 किलोन्यूटन प्रति घनमीटर धरली तर 0.23 गुणिले 2.55 गुणिले 20 म्हणजे 11.73, आणि आतबाहेरचं मिळून 30 मिलिमीटर प्लास्टर त्याच घनतेने धरलं तर 1.53, एकूण 13.26 किलोन्यूटन प्रति मीटर. अॅपने 'भिंत अधिक प्लास्टर' या ओळीत पहिल्यांदा उत्तर दिलं 15.6. का? तर वरच्या बीमच्या खोलीचा रकाना डिफॉल्टला शून्य असतो आणि तो 'अधिक पर्याय' मध्ये लपवून ठेवलाय! म्हणजे पूर्ण 3 मीटरची भिंत धरली गेली. साडेसतरा टक्के लोड उगाच वाढला. हा रकाना पहिल्याच स्क्रीनवर पाहिजे होता, एवढं चांगलं अॅप करणाऱ्यांनी हे कसं सोडलं कळत नाही.

इथे बरेच जण म्हणतील की जास्त धरला तर काय बिघडलं, सेफ साइडलाच आहे ना. नाही हो. बीमच्या मोमेंटपुरतं (बीमला वाकवणारा जोर) ठीक आहे, पण भिंतीचं वजन भूकंपाच्या गणितात मास म्हणून पण जातं, मास वाढलं की बेस शिअर, म्हणजे इमारतीच्या तळाशी येणारा भूकंपाचा आडवा जोर, वाढतो. आणि याच्या अगदी उलट, वाऱ्याने किंवा भूकंपाने जिथे कॉलम वर उचलला जातो तिथे डेड लोडच (इमारतीचं स्वतःचं कायमचं वजन) त्याला खाली धरून ठेवतो, तिथे तुम्ही नसलेलं वजन मॉडेलमध्ये टाकलं तर अपलिफ्ट (ती वर उचलणारी ओढ) कमी दिसतो, आणि ते सेफ साइडला अजिबात नाही. खरा लोड तो खराच धरायचा, सेफ्टी फॅक्टर लावायला डिझाइनचा कोड बसलाय.

मटेरियलची यादी छान आहे. वीट, सॉलिड ब्लॉक, होलो ब्लॉक, एएसी (हवेच्या बुडबुड्यांचा हलका काँक्रीट ब्लॉक), आणि घनता हाताने बदलता येते हे फार बरं केलं, कारण एएसी ब्लॉकची कंपनीच्या कागदावरची घनता ही कोरडी घनता असते आणि भिंतीत बसल्यावर ओलावा आणि मॉर्टर धरून ती वाढते. मी 7 धरून बघितलं: 200 ची एएसी भिंत, तीच 2.55 उंची, तर 3.57 आणि वर तेच 1.53 चं प्लास्टर, झाले 5.10. विटांच्या 13.26 समोर हे बघा! पण गंमत अशी की यात 30 टक्के वजन नुसत्या प्लास्टरचं आहे. विटांच्या भिंतीत प्लास्टर विसरलं तर साधारण 12 टक्क्यांनी चुकता, हलक्या ब्लॉकमध्ये विसरलं तर जवळजवळ एक तृतीयांश लोडच गायब. अॅपमध्ये दोन्ही बाजूंची प्लास्टरची जाडी वेगळी टाकता येते, याला माझे पूर्ण मार्क.

आता दार-खिडक्या. इथे मात्र मला अॅपचं पटलं नाही. तुम्ही ओपनिंगचं माप टाकलं की ते तेवढं वजन कापतं आणि उरलेलं संपूर्ण बीमवर सारखं पसरवून एकच यूडीएल, म्हणजे सगळीकडे सारखा लोड, देतं. ओपनिंग कुठे आहे हे विचारतच नाही. 4 मीटरचा सिंपली सपोर्टेड (दोन्ही टोकांना नुसता टेकलेला) बीम घ्या, वरचीच 13.26 वाली भिंत, आणि 1 मीटर बाय 2.1 चं दार एका टोकाला. दारामुळे वजन कमी झालं 10.92 किलोन्यूटन. अॅप हे चार मीटरवर पसरवतं, म्हणजे 2.73 प्रति मीटर कमी, मधल्या मोमेंटमध्ये 5.46 किलोन्यूटन मीटरची घट. प्रत्यक्षात दार सपोर्टला चिकटून असल्यामुळे मधल्या मोमेंटमध्ये घट फक्त 2.73 ची येते (लिंटेलवरच्या, म्हणजे दारावरच्या छोट्या बीमवरच्या, पट्टीचं बारीक गणित इथे बाजूला ठेवलंय). म्हणजे अॅपने बरोबर दुप्पट सूट दिली, आणि ही चूक असुरक्षित बाजूची आहे. दार मधोमध असेल तर उलटं होतं, खरी घट साडेनऊच्या वर जाते. म्हणून माझं सरळ मत असं की लहान ओपनिंग कापूच नका, भरीव भिंत धरा, आणि ओपनिंग खरंच मोठं असेल तर बीमवर जिथे जेवढी भिंत आहे तिथे तेवढाच लोड (पार्शल लोड) द्या, सरासरी काढू नका.

आर्चिंगचा एक टॉगल पण दिलाय, तो चालू केला की वरच्या भिंतीचा फक्त त्रिकोण बीमवर येतो. लिंटेलसाठी हे बरोबर आहे, वर पुरेशी उंच भिंत आणि दोन्ही बाजूंना भरीव वीटकाम असेल तर वजन कमानीसारखं बाजूला जातं. पण अॅप हा टॉगल फ्लोअर बीमला पण लावू देतं, आणि तिथे भिंतीत पुढे कोणी दार पाडलं की ती कमान कुठे राहणार? फ्रेम स्ट्रक्चरच्या बीमला हा टॉगल बंदच ठेवा, आणि अॅपवाल्यांनी तिथे निदान एक वॉर्निंग तरी द्यावी.

अजून एक जागा जिथे नवीन मुलं हमखास अडकतील. शेवटच्या बेरजेत अॅप बीमचं स्वतःचं वजन पण मिळवतं. 230 बाय 450 चा बीम म्हणजे 25 च्या घनतेने 2.59 किलोन्यूटन प्रति मीटर. हाताने डिझाइन करणाऱ्याला सोयीचं आहे, पण तुम्ही इटॅब्स किंवा स्टॅडमध्ये (इमारतीच्या डिझाइनचे सॉफ्टवेअर) मॉडेल करताय आणि सेल्फ वेट (बीमचं स्वतःचं वजन) तिथे आधीच चालू आहे, तर तेच वजन दोनदा गेलं. बेरजेचा आकडा उचलू नका, त्याच्या वरची 'भिंत अधिक प्लास्टर' ही ओळ उचला. आणि आकडा टाकताना दिशा बघा, इटॅब्समध्ये ग्रॅव्हिटी दिशा निवडली की धन आकडा खाली जातो, स्टॅडमध्ये ग्लोबल वाय (वर जाणारी दिशा) निवडलात तर ऋण चिन्ह लागतं, नाहीतर भिंत बीमला वर उचलायला लागते. अॅप फक्त धन आकडा देतं. एक्स्पोर्टमध्ये प्रोग्रॅम निवडायची सोय सहज देता आली असती.

गच्चीचं वेगळं पान आहे ते आवडलं, कारण टेरेसच्या बीमवर खालच्या मजल्याच्या भिंती कॉपी होऊन येणं ही नेहमीची भानगड आहे. तिथे कडेला फक्त पॅरापेट (गच्चीची कठडा भिंत), 1 मीटर उंच 230 ची असेल तर प्लास्टर धरून 5.2, आणि आतल्या बीमवर भिंतच नाही. प्लिंथ बीमला (जोत्याच्या पातळीवरचा बीम) मात्र वेगळं पान नाही, तिथे खालच्या मजल्याची उंची आपली आपण मोजून टाकायची. जिन्याच्या मिडलँडिंगच्या बीमला पण तसंच, तिथे भिंत अर्ध्यातच थांबते.

बीम नसताना थेट स्लॅबवर बसणारी भिंत हे अॅप करत नाही आणि तसं स्पष्ट लिहिलंय, ते प्रामाणिक वाटलं. बाकी नेट नसताना चालतं, जाहिराती नाहीत, पीडीएफ नीट निघते, त्यात धरलेली प्रत्येक घनता छापून येते त्यामुळे चेक करणाऱ्याला फोन करून विचारावं लागत नाही.

डेव्हलपर वाचत असतील तर दोन गोष्टी आधी करा. बीम डेप्थचा रकाना पुढे आणा आणि तो भरल्याशिवाय उत्तरच देऊ नका. दुसरं, ओपनिंग टाकताना डाव्या सपोर्टपासूनचं अंतर विचारा आणि लोड तुकड्यातुकड्याने द्या. एवढं झालं की कापलेला स्टार परत.