फोन अपघात ओळखतो, पण पुढचं कोण करणार? वारजे–शिरवळ रोजच्या प्रवासातला अनुभव

पुण्यातल्या वारज्याहून सातारा रस्त्यावरच्या शिरवळला हा माझा रोजचा प्रवास, स्वतः गाडी चालवत. कात्रजच्या नवीन बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार ज्यांनी रोज उतरलाय, त्यांना मी फोनमधली अपघात ओळखायची सोय का वापरायला लागले हे वेगळं सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका टँकरमुळे ४८ गाड्यांचं नुकसान झालं होतं. त्यानंतरही तिथल्या अपघातांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. घरच्यांच्या जिवाला घोर लागणं साहजिक होतं. म्हणून आधी एक वेगळं ॲप, मग माझा पिक्सेल (गुगलचा फोन) आणि यांचा आयफोन, असं सगळं बरेच महिने वापरून झालं. माझं मत सुरुवातीलाच सांगते: सोय चांगली आहे, नक्की चालू करा. मात्र फोनचं सेटिंग ही त्यातली सोपी बाजू आहे. अपघाताचा निरोप ज्या जवळच्या माणसांना जाणार त्यांची तयारी करून घेणं जास्त महत्त्वाचं, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

हे चालतं कसं ते थोडक्यात. फोनमधले सेन्सर जोराचा धक्का आणि गाडीचा एकदम बदललेला वेग टिपतात, मायक्रोफोन धडकेचा आवाज ऐकतो. आयफोन १४ पासून पुढच्या मॉडेलांमध्ये तर २५६ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २५६ पटींपर्यंतचा धक्का मोजणारा सेन्सर आहे आणि एअरबॅग उघडल्यावर गाडीतला हवेचा दाब बदलतो तोही बॅरोमीटर ओळखतो. हे सगळं जुळलं की फोन मोठ्याने वाजतो आणि मदत हवी का विचारतो. उत्तर दिलं नाही तर स्वतःहून आपत्कालीन क्रमांकाला, म्हणजे आपल्याकडे ११२ ला, फोन लावतो आणि ठिकाण सांगतो. पिक्सेल त्यासाठी साठ सेकंद थांबतो. पिक्सेलवर ही सोय २०१९ मध्ये अमेरिकेत आली, भारतात मात्र २०२३ च्या अखेरीस सुरू झाली. आयफोनवर ती २०२२ पासून आहे.

सुरुवातीला माझ्याकडे जुना फोन होता, म्हणून एक ॲप उतरवून घेतलं होतं, वर्षाची वर्गणी भरून. त्याचं नाव इथे देत नाही. खेड शिवापूरचा टोलनाका सोडल्यावर एका गतिरोधकावर गाडी आदळली, फोन होल्डरमधून निसटला आणि क्लचजवळ जाऊन पडला. लगेच त्याने भोंगा सुरू केला. मागे ट्रक, शेजारी एसटी, हात खाली घालून फोन उचलायची सोयच नव्हती. कडेला थांबायला जागा मिळेपर्यंत त्याने दिलेला वेळ संपला आणि अपघात झाल्याचे निरोप सगळ्यांना गेलेसुद्धा. मला स्वतःला काहीच झालं नव्हतं. सगळ्यांना फोन करून सांगताना एक गोष्ट कळली, आणि ती मला त्या खोट्या भोंग्यापेक्षा जास्त लागली.

धनकवडीला राहणारे माझे दीर म्हणाले, "वहिनी, मेसेज आला होता हो, पण नंबर भलताच, इंग्रजी मजकूर आणि खाली लिंक. हल्ली सगळे सांगतात ना, अनोळखी लिंक उघडू नका. मी लगेच उडवून टाकला." भाऊजींचं काही चुकलं नाही. गेली काही वर्षं बँका, पोलीस, मोबाइल कंपन्या सगळेच आपल्याला हेच शिकवताहेत. पण खरोखर अपघात झाला असता, तर माझ्या सगळ्यांत जवळ राहणाऱ्या माणसाने निरोप वाचून पुसून टाकला असता. त्या ॲपची वर्गणी मी पुढे भरली नाही.

नंतर पिक्सेल घेतला. त्याच्या 'पर्सनल सेफ्टी' ॲपमध्ये जाऊन ही सोय स्वतः चालू करावी लागते आणि लोकेशन, शारीरिक हालचाल, मायक्रोफोन या तिन्ही परवानग्या द्याव्या लागतात. तेव्हापासून खड्डे, गतिरोधक, अचानक दाबलेला ब्रेक यांपैकी कशानेही तो वाजलेला नाही. एकदा वारज्याच्या सिग्नलला मागून टेम्पोने बंपर ठोकला, तेव्हाही गप्प होता, आणि ते योग्यच आहे. ही सोय जबर धडकेसाठी आहे, बंपरच्या पोच्यासाठी नाही. आयफोन आल्यावर पहिल्या हिवाळ्यात अमेरिकेत बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांचे आणि रोलर कोस्टरमध्ये बसणाऱ्यांचे फोन आपोआप आपत्कालीन सेवेला लागत होते, तशा बातम्या खूप आल्या. पुढच्या अपडेटमध्ये ॲपलने त्यात सुधारणा केली. यांच्या फोनवर इथे असं कधी झालेलं नाही.

एक गोष्ट मात्र पिक्सेलवाल्यांनी नीट लक्षात ठेवावी. बॅटरी सेव्हर चालू असेल किंवा फोन विमान मोडवर असेल तर ही सोय चालेलच असं नाही, असं गुगलच्याच मदत पानावर लिहिलेलं आहे. आता आपला रोजचा दिवस बघा. सकाळी मॅप, दिवसभर कॉल, संध्याकाळी परत मॅप. शिरवळहून निघताना चार्जिंग वीस टक्क्यांवर आलेलं असतं आणि बॅटरी सेव्हर आपोआप लागलेला असतो. म्हणजे नवले पुलाचा उतार अंधारात उतरायचा आणि नेमकी तेव्हा ही सोय नसायची. मी गाडीत चांगला चार्जर कायमचा लावून ठेवलाय, आणि बॅटरी सेव्हर आपोआप लागणं बंद केलंय.

आता मुख्य मुद्दा, माणसांचा. पिक्सेलवर आधी यादीत कोण होतं? हे, आमचा मुलगा आणि माझी आई. हे हिंजवडीला दिवसभर मीटिंगमध्ये. मुलगा बंगळुरूला. आई पंच्याहत्तरीची, तिला असा निरोप गेला तर तिचंच काही बरंवाईट व्हायचं. प्रेमाची माणसं आणि धावून येऊ शकणारी माणसं यांची यादी एकच असेल असं नाही. म्हणून रस्ता डोळ्यांसमोर ठेवून नवी यादी केली: धनकवडीचे दीर, नऱ्ह्याला राहणारी ऑफिसातली मैत्रीण, शिरवळच्या प्लांटमधले सिक्युरिटीचे साहेब आणि हे. आईला मुद्दाम वगळलं, आणि का वगळलं ते तिला समजावून सांगितलं.

मग एका रविवारी घरच्या घरी तालीम घेतली. ११२ ला उगाच फोन लावून बघायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. पिक्सेलमध्ये 'सेफ्टी चेक' म्हणून एक सोय आहे. ठरावीक वेळ लावायची. त्या वेळेला 'मी ठीक आहे' असं आपण सांगितलं नाही, तर आपलं लाइव्ह लोकेशन निवडलेल्या माणसांना जातं. ते मुद्दाम चुकू दिलं. मैत्रिणीचा फोन लगेच आला. भाऊजी देवपूजेत होते, फोन सायलेंटवर. यांचा फोन शेजारच्या खोलीत चार्जिंगला. त्यानंतर यांच्या आयफोनवर माझ्या नंबरला 'इमर्जन्सी बायपास' लावला, त्यामुळे सायलेंटवर असला तरी माझा कॉल आणि मेसेज वाजतो. भाऊजींच्या फोनवर माझ्या नंबरला वेगळी रिंगटोन दिली आणि पूजेच्या वेळीही फोन वाजता ठेवायचं त्यांनी स्वतःच कबूल केलं. प्रत्येकाला खरा निरोप कसा दिसतो तो स्क्रीनवर दाखवला. आता कुणी तो पुसून टाकणार नाही.

तालमीत आणखी एक गोष्ट उघड झाली, ती या रस्त्यावर फार मोलाची आहे. नकाशावर नुसता ठिपका दिसतो. त्या ठिपक्यावरून मी पुण्याकडे येत होते की साताऱ्याकडे जात होते हे कळत नाही, आणि नवले पुलापाशी तर पुलावर, पुलाखाली की सर्व्हिस रोडला हेही सांगता येत नाही. मधला दुभाजक लक्षात घ्या. रुग्णवाहिका चुकीच्या बाजूने आली तर तिला वळून यायला किती लांब जावं लागेल? म्हणून आमचा नियम असा, कागदावर लिहून ठेवलेला: सकाळी निरोप आला तर साताऱ्याकडे जाणारी बाजू, संध्याकाळी आला तर पुण्याकडे येणारी. आधी मला फोन करायचा. उचलला नाही तर स्वतः ११२ ला किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करून बाजू आणि जवळची खूण सांगायची, फोनने आपोआप कळवलं असेल असं समजून गप्प बसायचं नाही. त्याच कागदावर हेही लिहिलंय, की मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमींवर नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता होतात. पैशांची जुळवाजुळव करण्यात कुणाचा वेळ जाऊ नये.

लॉक स्क्रीनवर दिसणारी वैद्यकीय माहितीही भरून ठेवली: रक्तगट, पेनिसिलिनची ॲलर्जी, थायरॉइडची गोळी. रस्त्यात पहिला हात देणारा माणूस बहुतेक अनोळखी असतो. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीतल्या कलम १३४ अ मुळे त्याला स्वतःचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही. हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही आणि पोलिसांच्या कटकटीला घाबरून माणसं लांब उभी राहतात, म्हणून आवर्जून लिहिते.

पुण्यातल्या घरांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही सोय गाडीसाठी आहे. ॲपलच्या माहितीत सेडान, एसयूव्ही अशा प्रवासी मोटारींचाच उल्लेख आहे. तुमची मुलगी स्कूटरने सिंहगड रोडवरून कॉलेजला जात असेल, तर या भरवशावर राहू नका. तिच्या फोनवर पॉवर बटण पाच वेळा दाबून लागणारा एसओएस, म्हणजे आपत्कालीन मदतीचा कॉल, चालू करून द्या आणि हेल्मेटच्या बाबतीत अजिबात ऐकून घेऊ नका.

आणि घाटात रेंज नसेल तर अपघात ओळखूनही फोन कुणाला कळवणार? ताम्हिणीतून माणगावला जाताना मधल्या पट्ट्यात रेंज जाते. तिथे मी सेफ्टी चेकवरच विसंबते, कारण फोन बंद पडला किंवा रेंज गेली तरी वेळ संपल्यावर शेवटचं ठिकाण घरच्यांना कळतं. मुळशीला चहा घेताना वेळ लावते, आणि ती सढळ लावते: पावसाळ्यात धुकं, धबधब्यापाशी उभ्या केलेल्या गाड्या, सगळं धरून. वेळ संपेल तेव्हा मी माणगावात, रेंजमध्ये असले पाहिजे, एवढाच हिशेब ठेवायचा.